नोकरी गेली, किहीमला आले आणि सलीम अलींनी सुगरणीच्या संसाराचं गुपित उलगडलं

जुलै महिना. हापूसच्या पेट्या कधीच मुंबईला पोचलेल्या असतात. जामसंडे, देवगडच्या बागा शांत झालेल्या असतात. भाताची रोपं शेतात डोलायला लागतात आणि विहिरीवर वाकलेल्या एखाद्या माडाच्या झावळीला खोपे लटकायला लागतात. बाटलीच्या आकाराचे, खाली लांब नळी असलेले, वाऱ्यावर झुलणारे.

हे खोपे कुणाचे, तर सुगरणीचे. आपल्याकडं लहान पोरालाही हे माहिती असतं. बहिणाबाईंच्या कवितेमुळं तर पिल्लांसाठी राबणारी सुगरण घराघरांत पोचली. पक्ष्याचं नावच सुगरण. म्हणजे घर बांधणारी ती, हे ठरलेलंच.

पण नीट बघितलं तर विणकाम करणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा असतो. तो नर असतो. सुगरण नावाचं सगळं श्रेय जिला मिळतं ती मादी त्या वेळी बहुतेकदा तिथं नसतेच. ती येते नंतर, अर्धवट घर बघायला. आवडलं तर राहते, नाही आवडलं तर उडून जाते.

तिच्या या येण्याजाण्याचा आणि त्यामागच्या सगळ्या संसाराचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो कोकणातच. जामसंड्यापासून हाच किनारा धरून उत्तरेला गेलं की अलिबागजवळ किहीम लागतं. १९३० साली त्या गावात एक माणूस राहायला आला होता. वय तेहतीस, हाताला नोकरी नाही आणि नावापुढं लावायला मोठी डिग्री नाही.

त्यांचं नाव सलीम अली.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंब. भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका आणि शिकारीच्या गप्पा. सलीमला खेळण्यातली एअरगन मिळाली आणि तो चिमण्या टिपायला लागला. अशातच एक दिवस त्यानं पाडलेली चिमणी त्याला वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी हे घरात कुणालाच सांगता येईना.

मग मुलगा पोचला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा इंग्रज साहेबांचीच समजली जायची. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती चिमणी ओळखली, ती पीतकंठी चिमणी होती. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सलीमला कपाटं उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली.

शाळेत रमत नसलेल्या त्या मुलाला आपला रस्ता सापडला तो इथं. पण रस्ता सापडणं वेगळं आणि त्या रस्त्यावर पोट भरणं वेगळं.

डिग्री नाही म्हणून नोकरी नाही

१९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण शिक्षण अर्धवट सुटलं. ते गेले ब्रह्मदेशात, तवॉयला. तिथं घरच्यांचा वुल्फ्रॅम खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा आजूबाजूच्या रानात आणि तिथल्या पक्ष्यांत त्यांचं लक्ष जास्त.

१९१७ मध्ये ते परत आले. कमावणं भाग होतं म्हणून त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचं शिक्षण घेतलं. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडं वळवलं. सकाळी हिशेब, नंतर प्राणिशास्त्र असा दिनक्रम सुरू झाला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचं तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं.

झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती. रीतसर पदवी नाही म्हणून ती हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. काचेमागचे पक्षी लोकांना समजावून सांगायचे, हे काम.

पण मेलेल्या पक्ष्यांची माहिती सांगून त्यांचं समाधान होईना. १९२८ मध्ये त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि बर्लिन गाठलं. तिथं एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळातले मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्ष्याचं कातडं मोजून त्याला नाव देणं एवढंच पक्षिशास्त्र नव्हे, जिवंत पक्षी कसा वागतो हेही शास्त्रच आहे, ही दृष्टी सलीम अलींना तिथं मिळाली. हेल्गोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी चढवण्याच्या कामाचा अनुभव घेतला.

१९३० मध्ये ते शिकून परत आले. तोवर पैशाअभावी म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली होती.

मुंबईत राहणं परवडणारं नव्हतं. सलीम आणि तेहमिना किहीमला आले.

माडावरचा तमाशा

किहीममध्ये त्यांच्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला आणि नरांनी विणकाम काढलं. सलीम अलींकडं वेळच वेळ होता. झाडाजवळ उंचावर आडोसा करून ते त्यात बसायला लागले. रोज तासन्‌तास. कुठला खोपा कुठल्या नराचा, तो किती झाला, तिथं कोण आलं, कोण गेलं, सगळ्याची नोंद.

तेव्हाचं भारतातलं पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारायचा, कातडं भरायचं, मोजायचं आणि नाव द्यायचं. सलीम अलींनीही आयुष्यात भरपूर पक्षी असे जमा केले, त्या काळी ती पद्धतच होती. पण किहीमला हवे होते फक्त डोळे, वही आणि चिकाटी.

नर विणतो हे आधीच्या निरीक्षकांनीही पाहिलं होतं. कोडं होतं पुढचं. एकाच झाडावर इतके अर्धवट सोडलेले खोपे का दिसतात? आणि एका नराचे दोन-तीन खोपे कसे?

सलीम अलींनी जे पाहिलं ते असं.

पावसाळा लागला की नराचं डोकं आणि छाती पिवळी होते. तो भाताच्या, गवताच्या किंवा माडाच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो आणि उडत उडत लांब दोरी सोलून काढतो. अशी एकेक दोरी आणून तो फांदीला आधी गाठ मारतो, मग कडं विणतो, मग त्यावर घुमट. उलटं टांगलेलं हेल्मेट असावं तसा आकार येतो. मध्ये एक आडवी पट्टी असते. पुढं तिच्या एका बाजूला अंड्यांची खोली होणार असते आणि दुसऱ्या बाजूला आत यायची वाट.

आणि इथं येऊन नर काम थांबवतो.

तो खोप्याला लटकतो, पंख फडफडवतो आणि मोठ्यानं चिरचिर करतो. झाडावरचे सगळे नर एकदम हेच करतात. कारण माद्या आलेल्या असतात.

मादी एका खोप्यात शिरते, पट्टीवर बसते, आतून चोचीनं दोऱ्या ओढून बघते. मग दुसऱ्या खोप्यात, मग तिसऱ्या. कांदेपोह्यांचा कार्यक्रम असावा तसाच हा प्रकार, फक्त इथं बघायला ती येते आणि धाकधूक त्याला असते. पसंत पडलं तर ती तिथंच ठाण मांडते. मगच त्यांचं मीलन होतं आणि मगच नर उरलेला खोपा पुरा करतो. अंड्यांची खोली बंद करतो आणि खाली लांब नळी विणतो. आतली शेवटची आवराआवर मादी करते.

ज्याचा खोपा कुणालाच पसंत पडत नाही, त्याचं हेल्मेट तसंच लटकत राहतं. झाडावरचे बरेचसे अर्धवट खोपे म्हणजे हे नकार.

पण खरी गंमत पुढं आहे. मादी अंडी घालून उबवायला बसली की नर जवळच दुसरा खोपा बांधायला घेतो. तो पुन्हा हेल्मेटपर्यंत आणायचा, पुन्हा पंख फडफडवायचे, पुन्हा दुसऱ्या मादीची वाट बघायची. जमलं तर एकाच पावसाळ्यात एकापाठोपाठ दोन-तीन संसार. पण एका वेळी एकच घर मांडायचं. त्यात मादी नांदायला लागली की मगच पुढचं. म्हणून याला क्रमिक बहुपत्नीत्व म्हणतात.

हे सगळं सलीम अलींनी १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. सुगरणीच्या संसाराचा हा क्रम जगापुढं पहिल्यांदाच इतक्या नीटपणे आला होता. बेकारीत बसून बघितलेल्या त्या झाडानं त्यांना पक्षिशास्त्रात नाव मिळवून दिलं.

मग फसवतोय कोण?

नर एकीला सोडून दुसरीकडं जातो हे वाचल्यावर बरेच जण त्याला लबाड ठरवून मोकळे होतात. पण पक्ष्यांना माणसांचे नियम लावून चालत नाही. इथं प्रश्न इतकाच असतो की कमी धोका पत्करून जास्तीत जास्त पिल्लं जगवायची कशी.

नराचा खर्च बघा. एक खोपा पुरा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात आणि दोऱ्या आणायला पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. मादी येईल याची खात्री शून्य. म्हणूनच तो आधी अर्धंच घर बांधतो. नकार आला तर निदान अर्धी मेहनत वाचते.

मादीचा खर्च वेगळा. ती दोन ते चार पांढरी अंडी घालते, साधारण दोन आठवडे उबवते आणि त्यानंतर आणखी दोन-अडीच आठवडे पिल्लांना भरवते. हे जवळजवळ सगळं एकटीनं. निवड चुकली तर तिचा सगळा हंगाम वाया. वाऱ्यानं खोपा तुटला किंवा साप पोचला की संपलं. म्हणून ती इतकी चोखंदळ असते. नंतरच्या संशोधकांना तर असंही दिसलं की विणकामाच्या सफाईपेक्षा तिचं लक्ष जागेवर जास्त असतं. खोपा किती उंचावर आहे, फांदी कशी आहे, याला ती जास्त महत्त्व देते. घर कसं आहे त्यापेक्षा ते कुठं आहे, हे तिच्यासाठी मोठं.

पण एकटी मादी पिल्लं वाढवू शकते कशी? याचं उत्तर पावसाळ्यात आणि त्या खोप्यात आहे. पावसात गवताचं बी आणि किडे भरपूर असतात, पिल्लांना भरवायला लांब जावं लागत नाही. खोपा पाण्यावर किंवा काटेरी फांदीवर झुलत असतो, आत शिरायची वाट खालून आणि अरुंद. शिवाय शेजारी सगळी वसाहत जागी. खोपा बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला असतो, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा झोत थेट लागत नाही. घर इतकं भक्कम असल्यावर नराला राखणीला थांबायची गरज उरत नाही.

ब्रिटिश संशोधक जॉन क्रूक यांनी १९६४ मध्ये जगभरच्या विणकर पक्ष्यांची तुलना केली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. दाट जंगलात किडे शोधून खाणाऱ्या जातींत नरमादी जोडीनं संसार करतात, कारण तिथं अन्न विखुरलेलं असतं आणि दोघांनी राबल्याशिवाय भागत नाही. उघड्या माळावर बिया खाणाऱ्या जाती वसाहतीत राहतात आणि त्यांच्यात एका नराच्या अनेक माद्या असतात. म्हणजे अन्न कुठं आणि किती, धोका कसला, यावरून संसाराची रीत ठरते.

सिंधुदुर्गातच बघा, किती रीती

यासाठी आफ्रिकेत जायला नको. सुगरणीच्या आसपासच किती प्रकार सापडतात.

देवगड तालुक्यातल्या तांबळडेगच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांशी तिची पुन्हा गाठ नाही. त्यातली फारच थोडी मोठी होतात, म्हणून अंडीच भरपूर. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची ऊब ठरवते.

धनेशाचं बरोबर उलटं. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त फट ठेवते आणि त्या फटीतून नर कित्येक आठवडे तिला भरवतो. तो मेला तर आतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात. इथं नर दुसरा संसार मांडूच शकत नाही.

तळ्यातल्या कमळपक्ष्यात तर सगळं फिरलेलं. मादी मोठी, ती एकाहून जास्त नरांशी संसार करते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. आणि कोकिळा? ती घरच बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते.

यातली कुठलीच रीत चांगली किंवा वाईट नाही. ज्या त्या जागी जी टिकली ती उरली.

किहीमनंतर

निबंध छापून आला म्हणून लगेच पगार सुरू झाला नाही. सलीम अलींनी मग एक युक्ती काढली. संस्थानांना त्यांनी कळवलं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, मला मेहनताना नको, फक्त खर्च द्या. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असे मुलुख त्यांनी पालथे घातले. तंबू, बैलगाडी, मिळेल ते खाणं आणि बरोबर तेहमिना. नोकरी नसलेल्या माणसाच्या या वेडात त्या आनंदानं सामील झाल्या होत्या.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली पार कोसळले. मूलबाळ नव्हतं. बहीण कामू आणि तिच्या नवऱ्यानं त्यांना आपल्या घरी नेलं, तिथून ते हळूहळू पुन्हा कामाला लागले.

१९४१ मध्ये त्यांचं बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावा म्हणून लिहिलेलं हे पुस्तक आजवर कित्येकांच्या झोळीत असतं. पुढं डिलन रिप्ली यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ झाला. स्वातंत्र्यानंतर अडचणीत आलेली सोसायटी टिकवण्यात, भरतपूरचं पाणथळ आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांचा शब्द मोलाचा ठरला. पदवी नाही म्हणून नाकारल्या गेलेल्या या माणसाला १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी लहानपणच्या त्या चिमणीवरूनच नाव दिलं.

सुगरणीला ते विसरले नाहीत. कुमाऊंच्या तराईत फिन्स बया ही दुर्मीळ सुगरण पुन्हा शोधून काढण्यात त्यांचा वाटा होता. त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी तर सुगरणींच्या विणीवरच संशोधन केलं. २० जून १९८७ ला, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत सलीम अलींचं निधन झालं. सिंधुदुर्गाशेजारी गोव्यात, चोडण बेटावरच्या अभयारण्याला आज त्यांचं नाव आहे.

या पावसात झाडाकडं बघताना

मराठीत विणीचा हंगाम म्हणजे पिल्लं होण्याचा हंगाम आणि वीण म्हणजे विणकामही. सुगरणीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच झाडावर बघायला मिळतात.

जामसंड्यात असा, किहीममध्ये किंवा आणखी कुठल्या गावात, पावसाळ्यात खोप्यांचं झाड दिसलं की मिनिटभर थांबा. खाली नळी असलेला पुरा खोपा दिसला तर समजा, इथं कुणीतरी पसंती दिली. नळी नसलेलं हेल्मेट दिसलं तर तिथला नर एक तर अजून वाट बघतोय, नाहीतर त्याला नकार मिळालाय. दोन पुरे खोपे आणि शेजारी तिसऱ्यावर राबणारा पिवळ्या डोक्याचा पक्षी दिसला, तर तो याच हंगामातला त्याचा तिसरा डाव असू शकतो.

खोपे बघताना ते तोडून घरात शोभेला आणू नका. आत अंडी असू शकतात. आणि रिकामं वाटणारं अर्धं घर कुणालातरी उद्या पसंत पडणारं असू शकतं.